शालीच्या दाढेचा कौल

लग्न होऊन मालवणात आल्यावर सासूबाईंपुढे माझा आवाज पहिल्यांदा निघाला, तो दातांच्या डॉक्टरांकडे. दुखणं मात्र माझं नव्हतं.

मोठ्या जावेच्या लेकीची, शालीची, दाढ किडून गाल सुजला होता. दाढ काढावी की नको, म्हणून सासूबाईंनी देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार. शालीला मात्र त्यांनी सांगितलं, "डॉक्टर नुसते बघतले."

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमटा पाठीमागे लपवून धरला आणि शालीचे हात घट्ट धरायची मला खूण केली. मी धरले नाहीत.

"आधी तिका खरा सांगा," मी म्हटलं.

"आता आणि काय सांगूचा? देवान कौल दिल्यान मां!" सासूबाई कडाडल्या.

"आई, तुमी देवाक विचारलास. आता जिची दाढ, तिकाय विचारा."

डॉक्टर जरा ओशाळले. चिमटा पुढे आणून शालीला म्हणाले, "सुई टोचताना दुखेल. नको वाटलं तर हात वर कर, मी थांबेन. काढू?"

शालीने लगेच हात वर केला. डॉक्टर थांबले. सुई जवळ आली, तिचा हात पुन्हा वर. डॉक्टर पुन्हा थांबले.

"गो, दाढ काढूची आसा की खेळ करूचो आसा?" सासूबाईंना राहवेना.

"आजी, तू गप रव," शाली म्हणाली. "डॉक्टरांनी माका विचारल्यानी, तुका नाय."

मग तिने डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि आपणहून मोठा आ केला.