केशरी पाणी

वीणा : म्हणजे आईंचं सहस्रचंद्रदर्शन तुम्ही या तळघरासाठी सोडणार? अहो, जन्मदात्या आईचं?

एकनाथ : सोडणार, असे मी म्हटलेले नाही. तिकीट पुढे ढकलावे, इतकाच माझा विचार आहे.

वीणा : तिकीट ढकलता येईल. एक्याऐंशी वर्षांच्या आईंना कसं ढकलणार? पुढच्या रविवारी तिथे मांडव आहे. श्रीरंगभावजींनी अख्ख्या सांगलीला सांगून ठेवलंय, दादा अमेरिकेहून येतोय म्हणून.

एकनाथ : वीणा, रेडिओवर तू स्वतः ऐकलेस. मंगळवारपासून उष्णतामान चाळीस फॅरनहाइटच्या वर जाणार. अंगणात कमरेइतका बर्फ आहे. तो एकदम वितळला म्हणजे ते सगळे पाणी आपल्या तळघराचा पत्ता विचारीत येईल. चौऱ्याऐंशी साली काय झाले, ते विसरलीस काय?

वीणा : विसरेन कशी? ओला गालिचा मीच पिळत होते. आणि तेव्हाही तुम्ही तिकीट रद्द केलंत. पुतणीच्या मंगलाष्टका फोनवरून ऐकल्यात. गेल्या वर्षी तर तीन आठवडे त्या पंपाशेजारी खुर्ची टाकून बसलात. बाळंतिणीपाशी कुणी इतकं बसत नाही.

एकनाथ : बसलो, म्हणून घर कोरडे राहिले.

वीणा : या वेळी गिरीशभावजींना सांगा ना. चार घरं सोडून तर राहतात. इंजिनियर आहेत.

एकनाथ : गिरीशराव विद्वान गृहस्थ आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु त्यांच्या घरचा पंप जिन्यातल्या दिव्याच्या बटणावर चालतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला तीन वर्षे लागली. दिवा मालवला की पंप बंद. आणि हे गृहस्थ रोज आठवणीने दिवा मालवीत होते.

रुपाली : बाबा, मी करते.

एकनाथ : तू अभ्यास कर.

रुपाली : झाला अभ्यास. आय ॲम सिरियस, बाबा. मी सोळा वर्षांची आहे. पंप मी सांभाळते, तुम्ही आजीकडे जा.

एकनाथ : बाळ, हे काम म्हणजे टीव्हीचे बटण दाबणे नव्हे. तेरा वर्षे सांगलीच्या पाणीपुरवठ्यात आणि सतरा वर्षे इथल्या कारखान्यात, अशी तीस वर्षे मी नळांच्या संगतीत काढली आहेत. माझी शाळा आठवीनंतर सुटली. परंतु पाइपाने मला अद्याप नापास केलेले नाही.

रुपाली : मग माझी परीक्षा घ्या. तोंडी.

वीणा : घ्या हो. घ्याच.

एकनाथ : ठीक. बर्फ वितळण्यापूर्वीचे पहिले काम कोणते?

रुपाली : तळघरात पाणी साचायचा जो खड्डा आहे, पंप बसवलेला, त्यात टॉर्च मारायचा. तळाची वाळू आणि गोटे काढायचे, म्हणजे पंपाचं तोंड चोक होणार नाही. मग फ्लोट, म्हणजे तो तरंगणारा गोळा, हाताने उचलायचा आणि कुठे अडकत नाही ना ते बघायचं. नंतर दोन बादल्या पाणी ओतायचं आणि पंप आपोआप सुरू होतो का, याचं निरीक्षण करायचं.

वीणा : निरीक्षण! पोरगी सरकारी पत्रासारखं बोलते. तुमच्याकडून मराठी शिकली, दुसरं काय होणार?

एकनाथ : त्यात लाजण्यासारखे काही नाही. पंप सुरू झाला. पुढे?

रुपाली : नुसत्या आवाजावर खूश व्हायचं नाही. बाहेर जाऊन पाणी खरंच पडतंय का ते बघायचं. पाइपाचं तोंड बर्फात बुजलं असेल तर मोटर फिरते आणि पाणी कुठेच जात नाही.

एकनाथ : कपडे धुण्याच्या यंत्रापाशी जमिनीत जी जाळी आहे, तिचे काय?

रुपाली : तिच्यात तांब्याभर पाणी. हिवाळाभर हीटिंगमुळे तिच्या आतलं पाणी सुकतं, मग गटाराचा वास वर येतो.

एकनाथ : हे तुला कोणी शिकवले?

रुपाली : कोणीच नाही. दर मार्चमध्ये मी जिन्यावर होमवर्क करत बसते आणि तुम्ही खाली पंपाशी बोलत असता. "ऊठ राजा, आता तुझे दिवस आले." सगळं ऐकू येतं.

वीणा : राजा! मला सतरा वर्षांत कुणी राणी म्हटलं नाही.

एकनाथ : विषयांतर नको. वीज गेली तर?

रुपाली : बादल्या. आईने भरायच्या, मी जिना चढायचा.

वीणा : मला विचारलं का कुणी?

एकनाथ : शेवटचा प्रश्न. पंप थांबतच नाही. गेल्या वर्षीसारखा अहोरात्र चालला आहे. काय करशील?

रुपाली : त्याचं कारण मला सापडलं आहे, बाबा. म्हणून तर आज बोलले. पण तुम्हाला राग येईल.

एकनाथ : कारण? कारण बर्फ. दुसरे काय असणार?

रुपाली : आई, तू पण रागावू नकोस. तुझा तो जिलबीचा केशरी रंग...

वीणा : तरीच डबी रिकामी! मी म्हटलं, घरात मुंग्या नाहीत, उंदीर नाहीत...

रुपाली : परवा शाळेतून आल्यावर मी तो खड्ड्यातल्या पाण्यात कालवला आणि पंप चालवला. बाहेर भिंतीजवळचा बर्फ केशरी झाला. शेजारच्या मिसेस लिंडक्विस्टनी खिडकी उघडून विचारलं, तुमचा काही सण आहे का?

वीणा : अगं बाई! मग काय सांगितलंस?

रुपाली : हो म्हटलं. हॅपी सण म्हणाल्या. मग मी खड्ड्यात साधं पाणी ओतत राहिले. सात बादल्या. पांढऱ्या वाटीत घेतलं तर अगदी स्वच्छ दिसेपर्यंत. आज सकाळी खड्ड्यात परत पाणी होतं. वाटीत घेतलं. केशरी.

एकनाथ : तळाच्या गाळात रंग राहिला असेल. तो हळूहळू सुटतो.

रुपाली : मलाही तेच वाटलं. म्हणून भिंतीकडून जो पाइप खड्ड्यात उघडतो, त्याच्याच तोंडाशी वाटी धरली. थेंब थेंब येत होतं. ते पण केशरी.

एकनाथ : भिंतीकडच्या पाइपातून?

रुपाली : भिंतीकडच्या.

वीणा : अहो, बोला काहीतरी.

एकनाथ : म्हणजे आपण बाहेर टाकलेले पाणी भिंतीलगत मुरते आणि त्याच खड्ड्यात परत येते.

रुपाली : कारण बाहेरच्या पाइपाचं तोंड आपल्याच भिंतीकडे आहे.

एकनाथ : ते मी विचारपूर्वक वळवले होते. सरळ ठेवले असते तर पाणी लिंडक्विस्टबाईंच्या अंगणात गेले असते. त्या एकट्या, वृद्ध. आपले पाणी दुसऱ्याच्या दारात सोडावे, असे माझ्या आईने मला शिकवलेले नाही.

वीणा : म्हणजे गेल्या वर्षी तीन आठवडे तुम्ही खुर्ची टाकून...

एकनाथ : एकच पाणी उपसत होतो.

वीणा : मी हसले तर चालेल?

एकनाथ : हास. तो तुझा अधिकार आहे. गालिचा तू पिळलास.

रुपाली : बाबा, रागावलात?

एकनाथ : नाही. गटाराचे पाणी विहिरीत झिरपते काय, हे पाहण्यासाठी सांगलीत आम्ही गटारात रंग सोडत असू. स्वतःच्या घरात मात्र सात वर्षांत मला ते सुचले नाही.

रुपाली : मला कुठून सुचलं, असं वाटतं तुम्हाला? तुम्हीच सांगितली होती ती गोष्ट, मी चौथीत असताना. विहीर लाल झाली आणि अख्खी गल्ली घाबरून रस्त्यावर आली.

एकनाथ : गल्ली नव्हे, पेठ. दोनशे माणसे होती. असो. निदान झाले. आता उपचार सांग.

रुपाली : पाइप घराच्या पुढे न्यायचा, रस्त्याकडेच्या चरापर्यंत. मिसेस लिंडक्विस्टकडे पण नको आणि आपल्या भिंतीकडे पण नको. गॅरेजमध्ये काळा पाइप पडलाय. चोवीस फूट लागेल. मी मोजलं.

वीणा : कशाने मोजलंस?

रुपाली : तुझ्या शिवणाच्या टेपने. धुतली आहे नंतर.

वीणा : रंग गेला, टेप गेली. उद्या माझी साडी नेशील पाइपाला गुंडाळायला.

एकनाथ : रुपाली, कोट घाल. वीणा, तू खाली पंपाशी थांब. आम्ही हाक मारली की पाणी ओत.

(घराच्या बाजूची भिंत. बर्फात खणलेली अरुंद वाट. भिंतीतून बाहेर आलेला पाइप.)

एकनाथ : मी या पायरीवर बसतो. कशालाही हात लावणार नाही.

रुपाली : हे वळलेलं टोक निघत नाही. गोठलंय.

एकनाथ : बळ लावू नकोस, तडकेल. किटलीतले गरम पाणी ओत. सांध्यावर, चहूकडून. आता फिरव.

रुपाली : निघालं! आता काळा पाइप चढवते आणि क्लॅम्प लावते. मग सोडून देऊ बर्फावर?

एकनाथ : इथे थांब. हे जिन्यावर बसून ऐकू आले नसेल, कारण हे मी कधी पंपाला सांगितलेले नाही. पाइपाला कुठेही झोळ पडता कामा नये. झोळात पाणी थांबते, थांबले की रात्री गोठते, आणि सकाळी पंप भिंतीवर डोके आपटीत बसतो. घरापासून चरापर्यंत उतार अखंड पाहिजे. बोटभर का असेना, पण अखंड.

रुपाली : खाली लाकडाचे ठोकळे घालू? इकडे उंच, तिकडे कमी कमी?

एकनाथ : घाल.

रुपाली : असे?

एकनाथ : एक डोळा मिटून पाइपाच्या रेषेत पाहा. मला विचारू नकोस, पाइपाला विचार.

रुपाली : मध्ये खाली गेलाय थोडा. एक ठोकळा अजून हवा.

एकनाथ : माझ्या मते दोन.

रुपाली : एकच, बाबा. दोन घातले तर तिथे कुबड येईल आणि त्याच्या मागे पाणी थांबेल.

एकनाथ : बरोबर. एकच.

रुपाली : आई! ओत!

वीणा : ओतते गं! दोन्ही बादल्या? चालला हो, चालला तुमचा राजा!

रुपाली : बाबा, चरात बघा! पडतंय! केवढी धार आहे!

एकनाथ : दिसते आहे. भिंतीजवळ?

रुपाली : कोरडं. नाही, थांबा. सांध्यातून एक थेंब पडला. अजून एक. पेचकस द्या.

एकनाथ : घे.

वीणा : अहो, श्रीरंगभावजींचा फोन आलाय सांगलीहून! लाइन खरखरतेय. येताय की नाही, एवढंच विचारतायत. काय सांगू?

एकनाथ : एक मिनिट थांबायला सांग.

रुपाली : आवळला. आता थेंब नाही. बाबा, घट्ट बसलाय का, एकदा बघता?

एकनाथ : तुझ्या हाताला काय वाटते?

रुपाली : घट्ट आहे.

एकनाथ : मग मी आत जातो. बॅग भरायची राहिली आहे.