बसायच्या जागी पेटी

भिमाबाई कानानं जड, म्हणून तिची विहीण गिरजाबाई ओरडूनच बोलत होती. चिखलीच्या एस.टी. स्टँडवर नुकतीच बी.एस्सी. झालेली निरंजना पुढच्याच बाकावर बसली होती. तिनं हातातलं पुस्तक मिटलं.

“काल हॉलातल्या कार्यक्रमात जावायबापूची ढोलकी आली का ऐकू, इहीनबाई?”

“आधी कायची येते! बारीक आवाज माह्या कानानं कवाच सोडले. जाडा ठेका तेवढा समजते, अन् बायांच्या बाजूनं तोच गायब! लाउडस्पीकरवाल्या शंकररावले म्हटलं, माहा सहदेव पह्यल्यांदा स्टेजवर बसला, अन् मायलेच ऐकू येऊ नाही?”

“त्यानं आवाज वाढवला असंन.”

“नाही वं! मले उठवलं, अन् माह्या जागेवर आवाजाची मोठी पेटीच बसवली. सहदेवले म्हणे, वाजवत राह्य. अन् सोता हॉलच्या भितीकडंनं रांगाले लागला. म्हणे, इथली पेटी जिथं चांगली ऐकू येते, तिथं ठेवली त इथं बी तशीच ऐकू येईन.”

“रांगाले? एवढा मोठा माणूस?”

“मांजरावानी! लोक हासू राह्यले. जिथं ठेका भरून आला, तिथं पेटी नेऊन ठेवली अन् मले जागेवर बसवलं.”

“मंग आला ठेका?”

“मले आला. पण तिकडच्या बाया वरडल्या, आमच्याकडचा गेला!”

“आता वं माय?”

“दुसरी पेटी घेतली, पुन्हा रांगला. ते समोरच्या भितीले लावली. मंग साऱ्या हॉलात सारखं! डोस्कं आहे बावा त्याले.”

“अन् जावायबापू कसे वाजवत होते?”

“छातीत घुमे ठेका. एका जागी चुकला तो.”

“चुकले? जावायबापू?”

“हाव! अन् तेही मले ऐकू आलं वं!”