पत्ता सांगणारा आपला माणूस

...नाही, मला सांगा, फोन माझा, रिचार्ज माझा, आणि सेटिंग मला न विचारता बदलायचं? माझी पुतणी मोहिनी, नंदुरबारला कॉम्प्युटर शिकवते, तिनंच बदललं, आणि वर म्हणते कशी, "काका, तुमना फोन दिनभर पत्ता इचारस. तुम्ही साइटनं नाव टाकं, का तो कोणले तरी इचारस, हाई कोठे शे? आतेपावत परदेशवालाले इचारे. आते सरकारनी आपला देशमाच पत्ता सांगानी सोय करी. आपला माणूस शे ना!"

अहो, हा धंदा मला शिकवता? विसरवाडीच्या फाट्यावर तीस वर्षं माझं पंक्चरचं दुकान! बसमधून उतरलेला मला विचारतो, ट्रकवाला मला विचारतो, दवाखाना कुठं, सरपंच कुठं... कोण कुणाकडे गेलं, कितीदा गेलं, सगळं मला ठाऊक! लोक बिनधास्त विचारतात. का? आपला माणूस शे ना!

पण तुम्हाला सांगतो... बाहेर बोलू नका हं. पाच वर्षांमागं शेजारच्या चुडामणशी माझं नालीवरून वाजलं. त्याचं सांडपाणी, माझ्या दुकानापुढं! आणि त्याच आठवड्यात सारंगखेड्याची एक जीप थांबली. "भाऊ, चुडामणनं घर कोठे शे?" त्याच्या लेकीला, चेतनाला बघायला आलेले पाहुणे! त्याचा फोन नेमका बंद. आणि मी, हातात टायर, मान वर न करता म्हणालो, "ह्या नावनं आठे कोणीच नही!"

संपलं. जीप वळली, फसवलं म्हणून पाहुणे चिडले, तिकडे चेतनाचे पोहे गार. स्थळ मोडलं, आणि का मोडलं ते आजतागायत कुणाला कळलं नाही! पत्ता सांगणाऱ्यानं नाही म्हटलं की घर असून नसतं हो. मला लाज वाटते, अजून वाटते. परक्यानं सांगितलं असतं तर त्यांनी आणखी चार जणांना विचारलं असतं. माझ्यावर विश्वास ठेवला... आपला माणूस शे ना!

आणि काल चुडामण स्वतः दुकानात! मला वाटलं, कळलं याला. तर म्हणतो, "दोधूभाऊ, रविवारले चेतनाले देखाले पाहुणा येई ऱ्हायनात. तुमलेच इचारतीन. बराबर धाडा, आपला माणूस शेतस ना तुम्ही!"

आता रविवारी दुकान बंद. मी फाट्यावर उभा राहणार आणि जीपच्या पुढं चालत त्यांना दारापर्यंत सोडणार.

मोहिनी विचारते, "काका, सेटिंग ठेवू का काढू?" म्हटलं, ठेव बाई, आपलाच आहे तो. फक्त एवढं विचारून घे... त्याचं नालीवरून कुणाशी वाजलेलं नाही ना?