मांडीवरचा डबा

हॅलो?… हॅलो, कोण?… तानामावशी! अगं बोल की! कवाधरनं वाट बघतोय तुझ्या फोनची… व्हय, आली! आली आली, बाळ घरात आलं! आत्ताच दारात तुकडा ओवाळून आत घेतलं. आईनं एवढा मोठा भाकरीचा तुकडा ओवाळला, म्हशीला पुरंल इतका… डोळं कसलं टपोरं हायत म्हणून सांगू! नाक आपल्या आईसारखं. आण्णा म्हणतात, नाकाचं सोडा, आवाज पण तिचाच हाय…

काय?… कुणी बांधलं?… अगं कुणाला बांधलं?… हां हां, तो फोटो! बाळाच्या बापानं, ऋतुराजनं ग्रुपवर टाकलेला व्हय? अगं मावशी, ती बाळाची खुर्ची हाय, गाडीतली. बांधलं न्हाय गं, पट्टा लावलाय… न्हाय, रडली न्हाय! इचलकरंजीपासनं शिरोलीपर्यंत गाढ झोपली हुती. उठली तर जांभई दिली आन परत झोपली.

आईनं कसं चालू दिलं?… मावशी, तीच तर गंमत हाय. आईनंच बसवलं तिला! माझ्या गळ्याची शपथ, बायडाबाईनं सोताच्या हातानं… अगं ऐक ना. ऐक तर खरं! तू मधी बोलू नको, मी पहिल्यापासनं सांगते… तू आहेस कुठं, लई आवाज येतोय… निघालाईसा? व्हय? अमरसिंह हाय न्हवं गाडी चालवायला? बरं झालं. कागल सोडलं?… आत्ताच सोडलं. मग या सावकाश, पाळण्यात घालायचा मुहूर्त दिवेलागणीचा हाय. पाळण्याला पहिला हात तुझाच. तू थोरली.

तर ऐक. ती खुर्ची पाठवली वहिनीच्या भावानं. इचलकरंजीच्या मामानं, व्हय, यंत्रमाग हायत बघ त्यांचं, तो. परवा खोकं आलं. आईला वाटलं पाळणा आला. माहेरचा पाळणा येतोय म्हणून आईनं जागा झाडून ठेवलेली! आन खोक्यातनं निघाली खुर्ची… झालं की! आईचा पारा असा चढला! म्हणाली, माझ्या नातीला माझी मांडी हाय का न्हाय? मामाला भरोसा न्हाय व्हय माझ्यावर?… ऋतुराज समजावतोय, आई, गाडीत मांडी चालत न्हाय. ती म्हणती, तुला आम्ही कशात घालून आणलं रं, टोपलीत?…

हासू नको! पुढं ऐक. ऋतुराजनं खुर्ची गाडीत मागच्या सीटवर बसवली, नीट, पट्ट्यानं आवळून. आन पाठ पुढच्या बाजूला… व्हय, बाळाचं तोंड मागं. तान्ह्या पोराला तसंच बसवायचं असतंय. मान कवळी असती न्हवं, झटका बसला तर पाठीवर झेलला जातोय. तर आई काय म्हणावी? गाडी चालली पुढं आन पोर बघतंय मागं, हे कसलं लक्षण!… तू पण तसंच म्हणालीस? भैणी शोभता खऱ्या.

मग आज सकाळी आम्ही उठतोय तर गाडीत खुर्ची गायब! शोध शोध शोधली. कुठं सापडावी? गोठ्यात! आईनं नेऊन वैरणीवर ठेवलेली. आन त्यात मांजर झोपलेलं, पाय पसरून, अगदी माहेरवाशिणीसारखं… आई म्हणाली, बघा, मांजराच्या लायकीची हाय.

ऋतुराज लई चिडला. तर आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, अरं, म्हशीनं लाथ मारली तरी ह्या हातातनं चरवी सुटत न्हाय. चाळीस वर्सं धार काढलीया. ह्या हातातनं माझी नात सुटंल?… निघालो की तसंच. खुर्ची गोठ्यात, मांजर खुर्चीत.

कोण बोललं मधी?… कोण हसतंय तिकडं?… रेडिओ व्हय. असू दे.

तर आई बसली पुढं. मांडीवर लाडवाचा डबा. डिंकाचं लाडू, व्याह्यांकडं न्यायला, स्टीलचा मोठा डबा, फडक्यात गाठ मारून. तर मागं ठेव म्हटलं तर न्हाय! म्हणाली, येताना इथं बाळ बसणार, मला सवय करू दे. डब्याला धरून बसली, दोन्ही हातांनी, पोटाशी. आन मधनं मधनं डब्याला थोपटतीय पण!… खरंच! मला हसू दाबंना.

आन तिचा पट्टा? अगं गाडी टुंगटुंग वाजाय लागली, पट्टा न्हाय लावला की वाजती न्हवं. आईनं काय केलं, पट्टा पाठीमागनं घेतला आन दिला अडकवून. आवाज बंद. म्हणाली, झालं गप्प… अमरसिंह पण तसंच करतोय? मावशी, त्याला सांग… थांब, आधी ऐक.

हातकणंगलेच्या अलीकडं. गाडी काय जोरात न्हवती, खरं सांगते. समोर उसाची ट्रॉली. आन तिच्या मागनं आलं कुत्रं आडवं. ऋतुराजनं ब्रेक मारला कचकन… न्हाय न्हाय, धडक न्हाय कुठं! कुत्रं पण गेलं शेपूट घालून. कुणाला काय झालं न्हाय असं आम्हाला वाटलं. पण मावशी, तो डबा!

डबा उडाला गं. आईच्या हातातनं. पोटाशी धरलेला, दोन हातांनी, आन गेला ठाण्णकन समोर काचंखाली आपटला. झाकण एकीकडं, लाडू एकीकडं. सगळ्या गाडीत डिंक आन खोबरं. आई पण गेली पुढं, कपाळ आपटलं. टेंगूळ आलंय, लिंबाएवढं. मी मागं बसलेली, मला तरी कुठं अक्कल, मागं कोण पट्टा लावतंय? नाक आपटलं माझं समोरच्या सीटवर. अजून झोंबतंय. आन ऋतुराज, पट्टा लावून बसलेला, जागचा हलला पण न्हाय.

आता आई शिव्या घालणार, असं मला वाटलं. ऋतुराजला, कुत्र्याला, ट्रॉलीवाल्याला… न्हाय गं. सोताचं हात बघत बसली. असं समोर धरून, उलटं सुलटं करून. डब्याला हा एवढा पोचा आलेला. तो उचलला तिनं पायातनं, त्या पोच्यात अंगठा घालून बघितला… मावशी, मला कळलं की ती काय बघतीया. येताना त्या जागी डबा नसणार हुता.

हां… व्हय… ऐकतीयास न्हवं?

मग हळूच म्हणाली, ऋतू, गाडी फिरव. तो म्हणाला, दवाखान्यात जाऊया का? ती म्हणाली, घरी. खुर्ची आणायची हाय… एवढंच. आन पाठीमागनं लावलेला पट्टा काढला आन लावला नीट, पुढनं. टक्क.

परत आलो की! व्याह्यांचं फोनावर फोन, कुठवर आलासा, जेवण गार होतंय. आई सांगतीय, येतोय, जरा विसरलंय काहीतरी. गोठ्यात गेली, मांजराला उठवलं, खुर्ची झटकली, धुतली, पुसली. आन गाडीत बसवल्यावर काय केलं सांगू? खुंटा हलवून बघतात न्हवं, म्हैस बांधायच्या आधी? तशी गदागदा हलवली खुर्ची, दोन हातांनी. ढिली वाटली तर ऋतुराजला म्हणाली, तुझा गुडघा दे त्यात, आन ओढ पट्टा. परत हलवली. हलंना झाली तवा म्हणाली, आता चला.

इचलकरंजीत तर आणिक मजा. वहिनीच्या आईनं बाळाला दुपट्यात गुंडाळलेलं, वर टोपडं, वर लोकरीचं, नुसतं गाठोडं. तसंच खुर्चीत घालाय लागल्या. तर वहिनी म्हणाली, न्हाय, आधी पट्टा अंगासरशी, मग वरनं दुपटं. न्हायतर पट्टा दुपट्याला धरतोय आन बाळ सुटतंय. व्याहीण तोंडाकडं बघतीय आपल्या आईच्या. आता बायडाबाई काय म्हणणार! तर आई पुढं झाली, सोता दुपटं सोडलं, सोता पट्टा लावला, बोट घालून बघितला, आन व्याहीणबाईंना म्हणाली, मामानं लई शानपणाची वस्तू दिलीया… मावशी! आईनं! व्याह्यांच्या दारात! वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला पण… हां, हासू पण आलं.

येताना आई मागं, बाळाशेजारी. वहिनी दुसऱ्या बाजूला. पट्टा सगळ्यांना. बाळानं आईचं बोट धरलेलं मुठीत, ते शिरोलीपर्यंत सोडलं न्हाय. आई म्हणती, मी धरायचं म्हणत हुते, हिनंच मला धरलं…

थांब. मावशी, थांब जरा. कोण बोललं आत्ता? लाडू पायजे म्हणालं ते… रेडिओ न्हवं तो. अमरसिंहाची जिजा हाय व्हय गाडीत?… तिला आणलीस? अगं मग सांगायचं न्हवं! माझी बाय ती! कुठं बसलीया?…

कुठं?

पुढं? तुझ्या मांडीवर?… मावशी… पट्टा?… तुझा पट्टा कुठं हाय? पाठीमागनं?…

न्हाय, मावशी, ऐक. जवळच हाय, इथनं इथं, तसंच आई पण म्हणाली हुती… धरलीया म्हणजे? आईनं डबा धरला न्हवता व्हय?… अगं पुढं एअरबॅगचा फुगा असतोय गाडीत, तो फुटला तर मांडीवरल्या पोरालाच पहिला बसतोय. ऐक माझं. अमरसिंहाला फोन दे. दे म्हणते न्हवं!… बरं, त्याच्या कानाला लाव… नको नको, तो चालवतोय, नको लावू! तूच सांग. म्हणावं, गाडी बाजूला घे. आत्ता… मावशी, मी भांडत न्हाय गं. मला भ्या वाटतंय. आईचा डबा माझ्या डोळ्यांपुढनं हलंना…

आई! ए आई! तानामावशीच्या मांडीवर जिजा हाय, पुढं, हायवेला!… हां, सांगते. मावशी, आई आली बाहेर. पदराला हात पुसत आली. आई म्हणतीय, तानाक्काला म्हणावं थांब तिथंच, गाडीचं चाक पुढं फिरलं तर माझ्याशी बोलू नको… व्हय, अशीच म्हणाली, मी काय करू?

घेतली बाजूला?… हळू हळू, मागनं गाड्या येतात… काय दिसतंय तिथं?… रसाचं दुकान? लई झ्याक. मंडपात बसा, रस प्या. रस्त्यापासनं आत बसा, जिजाला हात धरून ठेव. खुर्ची येतीया… कसली म्हणजे? बाळाचीच! बाळ पाळण्यापाशी हाय आता, खुर्ची मोकळीच हाय. वहिनी म्हणतीय, तिची पाठ फिरवून पुढं तोंड करून बसवता येतीया, जिजाएवढ्या पोरांना पण चालती. ऋतुराज निघाला बघ, किल्ली घेतली…

मुहूर्त?… व्हय की, दिवेलागणीचा. टळंल, व्हय… थांब, विचारते. आई, मुहूर्त टळणार, तानामावशीशिवाय पाळण्याला हात कोण लावणार?… अगं मावशी, तू फोनवरनं ऐकलंस का ती काय म्हणाली? म्हणाली, मुहूर्त उद्या पण हाय. जिजा एकच हाय.

…मावशी? हॅलो?… रडू नको गं. काय झालं न्हाय, काय झालं न्हाय. उलट बरं झालं फोन केलास, फोटोवरनं भांडायला का असंना…

अय्यो, आई, तू कुठं निघालीस? मावशी, आई पण बसली गाडीत! मागं, खुर्चीशेजारी. पट्टा लावला… ऐकलंस, टक्क?… डबा पण घेतलाय, पोचा आलेलाच. न्हाय न्हाय, मांडीवर न्हाय! खाली ठेवलाय, सीटच्या खाली, पायानं दाबून. म्हणाली, जिजानं लाडू मागितलाय. निघाले बघ. आले आले…

कोण? जिजा? दे दे तिला… जिजा, माझी बाय! आत्या बोलतीया. लाडू येतोय. खुर्ची पण येतीया तुला, राणीची असती तशी… मांडीवर बसायचंय? आज्जीच्या?… बस की गं! घरी आल्यावर बस, रात्रभर बस, आज्जी ऊठ म्हणणार न्हाय. गाडीत तेवढं न्हाय… हां. शानी माझी. आज्जीला दे फोन.

मावशी? ठेवते आता. पाळणा सजवायचा हाय. दिवा लावून ठेवतोय, कितीबी वेळ होऊ दे, तुमच्याबिगर कोण हात लावत न्हाय… व्हय… व्हय गं… ठेव तू आधी. दोन्ही हात मोकळं कर. रस्त्याकडंला हायस, जिजाला धर.