मेहमुदाच्या मापाचा जोड

चपलेचा अंगठा शिवून मिळेपर्यंत लीला दुकानातल्या बाकावर टेकली होती. शेजारी कुवेतहून आलेल्या अमीननं चपला शिवणाऱ्या अप्पांपुढं एक कागद पसरला.

"बायकोच्या पावलाचं माप हाय. ती झोपल्यावर पेन्सिल फिरवून काढलंय. तिला ह्यातलं काय बी ठाऊक न्हाय."

"पावणं, ह्या मापाचा जोड कालच गेला की."

"कुणी नेला?"

"बाईच आल्ती. अस्साच डावा पाय, करंगळी नसलेला."

"माझी मेहमुदा कुवेतला हाय, अप्पा. तापानं फणफणली हुती, म्हणून भावाच्या लग्नाला मी एकटाच आलो."

"मग ती कसं म्हणली, उद्या आमचं मालक असाच कागद घिऊन येतील म्हणून?"

"आणि काय म्हणली?"

"करकर वाजणारा जोड मागितला. म्हणली, मी मागनं आले की त्यांना कळाय पायजे."

बाहेर पायरीवर करकर वाजली आणि दाराशी थांबली.

"आल्या बघा," अप्पा मान वर न करताच म्हणाले.

अमीननं मागं वळून बघितलं नाही. कागदाची घडी घालत त्यानं हळूच विचारलं, "ताई, कोण हाय?"

"जोड आहे," लीला म्हणाली. "नुसता जोडच आहे."