सूर्यचुलीतला पहिला भात

हसणार असाल तर हसा, पण आमच्या सूर्यचुलीत पहिला भात शिजला नाही तो माझ्यामुळंच. गॅसची टाकी यायला आठवडा होता, म्हणून ह्यांनी ती आरशाची पेटी आणून गच्चीवर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "उन्हात कुठं भात शिजतोय व्हय? बारापर्यंत शिजला न्हाय तर पेटीत मी शेंगा भरणार."

मी नऊलाच तांदूळ लावले. पण वर कावळे, आणि कडेवर आठ महिन्यांची पोरगी. पेटी एकटी सोडून खाली जायला जीव धजेना. अगदी काचेला लागून उभी राहिले, एक पाऊल हलले नाही. बाराला डबा उघडला, तर तांदूळ कोमट पाण्यात तसेच.

"ऊनच कमी पडलं, आत्ती," मी म्हणाले.

सासूबाईंनी वर बघितलं, मग माझ्याकडं. "ऊन तर कडक हाय की. सकाळपासनं हितंच उभी हाईस?"

"व्हय. पोरीला ऊन लागू नये म्हणून ही मोठी छत्री धरून."

"पोरीला न्हाय लागलं," त्या म्हणाल्या, "आणि भाताला बी न्हाय."