‘इन्शाअल्लाह’ या शब्दाच्या अर्थाबाबत

नाव नफीसा अब्दुलबारी. वय ७१, कागदावर ६८. धंदा बाजारात मासळी साफ करून देणे. राहणार दमियात शहर, इजिप्त, सुतारांची गल्ली, जुन्या हमामाच्या मागे.

मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते की, नजला, वय २३, ही माझ्या मयत मुलीची मुलगी. हाजी बदवी यांच्या सोफ्याच्या कारखान्यात ती खोळी शिवत असे.

दहा मार्चला दुपारी हाजींचा मुलगा तामिर याने तिला फोनवर लिहून विचारलं, काम संपल्यावर वर कापडाच्या खोलीत येशील का. तिने लिहिलं, इन्शाअल्लाह. मालकाच्या मुलाला तोंडावर नाही म्हणणारी दुसऱ्या दिवशी कामावर नसते. ती वर गेली नाही. पाच वाजता पिशवी घेऊन निघाली, तेव्हा त्याने खालचं शटर ओढलं. पुढचं तिने कोर्टात सांगितलं आहे. मी तिथे नव्हते, म्हणून सांगत नाही. मी बाजारातून घरी आले तोवर तिने अंगावरचे कपडे धुऊन दोरीवर टाकले होते. मी विचारायच्या आत ते काढून तिने परत धुतले.

कोर्टात तामिरच्या वकिलाने तो निरोप वाचला. इन्शाअल्लाह म्हणजे देवाच्या मनात असेल तर येईन, म्हणजे राजीच होतीस ना, असं विचारलं. ओरडली का नाहीस, हे चार वेळा विचारलं. बाहेर लाकूड कापायची मशिनं चालू होती, हे एकदाही नाही. न्यायाधीश म्हणाले, या शब्दाचा विचार करावा लागेल. पुढची तारीख उद्या, रविवारची आहे.

काल शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, हाजी बदवी, तो वकील आणि मशिदीचे इमाम असे तिघे घरी आले. सोबत मिठाईचा डबा होता. मी मासे साफ करत होते. सुरी धुऊन ठेवली आणि चहा टाकला. हाजी म्हणाले, नजलाचं तामिरशी लग्न लावू, तक्रार मागे घ्या, पोरीची अब्रू झाकली जाईल. नजला आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

हाजी म्हणाले, “मग रविवारी कोर्टात तसं सांगता ना, हाज्जा?”

मी म्हटलं, “इन्शाअल्लाह.”

“म्हणजे नक्की?”

“इन्शाअल्लाह, हाजीसाहेब. चहा घ्या.”

तिसऱ्यांदाही मी तेच म्हटलं. तेव्हा हाजींनी पेला आपटला.

“मला नका शिकवू. तीस वर्षं दुकानावर बसतोय. बाई इन्शाअल्लाह म्हणाली की ते नाहीच असतं. या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने सांगा. त्यांनी तेच शब्द मोठ्याने सांगितले. समोरच्या खिडकीत उम्म शौकी भाजी निवडत होती, तिने ऐकले. इमामांनीही ऐकले, ते खोटं बोलणार नाहीत. वकिलाने हाजींचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

ते गेल्यावर मिठाई मी मांजरांना घातली. मांजरांनीही हुंगून सोडली. नजला बाहेर आली आणि उरलेले मासे तिने साफ केले.

माझं म्हणणं एवढंच, की हाजींना, इमामांना आणि उम्म शौकीला उद्या कोर्टात बोलवावं आणि या शब्दाचा अर्थ हाजींच्याच तोंडून, त्यांच्या मुलासमोर वदवून घ्यावा. मी पहिल्या बाकावर बसणार आहे.

लिहिणाऱ्या साहेबांनी आधी ‘तडजोडीस नकार दिला’ असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. नकार हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. मी इन्शाअल्लाह म्हणाले, आणि समोर बसलेल्या तिन्ही पुरुषांना ते बरोबर समजलं.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, ते मी सांगितलं तसंच आहे. साहेब हळू आवाजात वाचत होते. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

डाव्या हाताचा अंगठा.